गावात म्हातारे वाढले, आता गावानं काय बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव दीड-दोन हजार वस्तीचं. पारावर बसलो की कोणी ना कोणी कागद घेऊन येतं. पुण्यात, नागपुरात नोकरीला असलेली जुनी पोरं फोनवर विचारतात, "सर, बाबांचं आता कसं करायचं?" तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. योजनांच्या रकमा आणि अटी सरकार बदलत असतं, तेव्हा अर्ज करण्याआधी तहसीलमध्ये एकदा विचारून घ्या.

आमचे पणजोबा नव्वद वर्षं जगले. मग आताच माणूस जास्त जगतो असं का म्हणता?

पणजोबांना भावंडं किती झाली आणि त्यातली मोठी किती झाली, हे घरातल्या जुन्या बाईला विचारा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या घरात आहे. तेव्हा सगळी माणसं बत्तिशीत मरत होती असा याचा अर्थ नाही. पाळण्यातली मुलं आणि बाळंतपणातल्या बाया इतक्या जात की सरासरी खाली यायची. हगवण, देवी, धनुर्वात, हिवताप यांच्या तावडीतून जो सुटला तो तेव्हाही ऐंशी गाठायचा.

बाळं जगवण्याच्या कामात विदर्भाचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं घरी जाऊन बाळ पाहण्याचं काम देशभरच्या आशा ताईंकडे आलं. तेव्हा वाचलेली बाळं उद्या म्हातारी होणार. पाळणा सांभाळायची सोय आपण केली, काठी सांभाळायची अजून व्हायची आहे.

खेड्यात आणखी एक गोष्ट घडते. तरुण बाहेर जातात आणि म्हातारे मागे राहतात. त्यामुळे देशाच्या आकड्यापेक्षा आपल्या गल्लीत पांढरी डोकी जास्त दिसतात.

जास्त जगून करायचं काय? शेवटची दहा वर्षं खाटेवरच जातात ना?

दहा वर्षांचा तुमचा अंदाज फारसा चुकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या हिशेबात भारतीयाचं आयुर्मान आणि त्यातली धडधाकट वर्षं यांत साधारण दहा वर्षांचं अंतर आहे. सगळा प्रश्न या दहा वर्षांचा आहे. आयुष्याला आणखी पाच वर्षं जोडण्यापेक्षा या दहाची पाच करता आली, तर घरालाही सोपं आणि म्हाताऱ्यालाही.

ही दहा वर्षं साठीनंतर सुरू होत नाहीत, चाळिशीत सुरू होतात. रक्तदाब वाढलेला असतो आणि कोणी मोजलेला नसतो. साखर वाढलेली असते, पायाला जखम होते, ती भरत नाही, तेव्हा कळतं. आणि आपल्याकडचा खर्रा. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली ही पुडी पोरगं दहावीत असताना तोंडात घालतं. चाळिशीत तोंड उघडत नाही, पन्नाशीत गाठ येते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालू आहे, गावं स्वतः ठराव करून विक्री बंद पाडतात. आमच्या गावात अजून पानठेलेवालाच सगळ्यात आधी दुकान उघडतो.

जपानमधल्या नागानोचं उदाहरण मला फार आवडतं. डोंगराळ, शेतकऱ्यांचा प्रांत. खारवलेल्या भाज्यांवर हिवाळा काढायचे. १९६० च्या दशकात पक्षाघाताच्या मृत्यूंसाठी बदनाम होता. मग गावोगावच्या बाया आरोग्य स्वयंसेवक झाल्या, घराघरांत जाऊन रस्सा किती खारट आहे ते मोजू लागल्या. पुढच्या दशकांत तोच प्रांत जपानमध्ये दीर्घायुष्यात पहिल्या रांगेत गेला. आपल्याकडे लोणचं, पापड, खारोड्या, दही-मिरच्या आणि वरून ताटात मिठाची चिमूट असते. ताटातली ती चिमूट बंद करायला पैसा लागत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. बायको म्हणेल म्हणून जा, पण जा.

साठ झाले की शेतातलं काम बंद करावं का?

सरकारी नोकराला निवृत्तीची तारीख असते. मजुराला आणि कास्तकाराला नसते. माझ्या शेजारची आजी पंच्याहत्तरीची आहे आणि अजून कापूस वेचायला जाते. किलोवर मजुरी, म्हणून तिच्या हाताला सोळा वर्षांच्या पोरीचाच भाव. तिला "आजी, आराम करा" म्हणणं सोपं आहे. आराम केला तर तेलाची बाटली कोण आणणार?

काम एकदम सुटलं की माणूस लवकर खचतो, हे मी पाहिलंय. म्हणून काम बंद करण्यापेक्षा वाटून घ्या. बी निवडणं, कोंबड्या-शेळ्या पाहणं, परसबाग, तुरीची डाळ करणं ही कामं बसून होतात. डोक्यावरचं ओझं आणि बैलामागची डवरणी साठीनंतर सोडा. फवारणी तर अजिबात नको. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. वाकून निंदण्याऐवजी लांब दांड्याचं खुरपं मिळतं, गावातला लोहारही करून देतो.

ब्राझीलनं शेतमजुरांचं म्हातारपण सरळ कायद्यात घेतलं. तिथं शेतात राबलेल्या पुरुषाला साठीला आणि बाईला पंचावन्नला किमान वेतनाएवढं निवृत्तिवेतन मिळतं, हप्ते भरलेले नसले तरी. शेतात काम केलं होतं एवढं दाखवायचं. आपल्याकडची रक्कम त्यापुढं किती लहान आहे, ते पुढच्या उत्तरात बघा.

निराधारचे पैसे कोणाला मिळतात?

पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, आणि केंद्राचा व राज्याचा वाटा मिळून महिन्याला १५०० रुपये. पासष्टीच्या आतल्या निराधार, विधवा, दिव्यांग माणसांसाठी संजय गांधी निराधार योजना.

उत्पन्नाची अट वाचून हसू येतं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात जगणारं कुटुंब मला अजून भेटलेलं नाही. तरी दाखला मिळतो, लोक काढतात, आणि त्यातून ज्यांची तहसीलपर्यंत ओळख आहे त्यांचं आधी होतं. ही अट कधी बदलेल ते बदलेल. आमदार मत मागायला ओसरीवर आले की पहिला प्रश्न हाच विचारा.

बँकेत अंगठा लागत नाही. काय करावं?

"मास्तर, अंगठाच लागत नाई जी." महिन्यातून चारदा ऐकतो. चाळीस वर्षं निंदण करून, शेण सारवून, कापूस वेचून बोटांच्या रेघा पुसल्या, आता यंत्र म्हणतं की ही बाई ती बाई नव्हे. दहाही बोटं लावून पाहा, हात धुऊन थोडा ओलसर ठेवा. तरी नाही जमलं तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्या. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर बरीच कामं ओटीपीवर होतात. तो क्रमांक मुंबईच्या पोराचा नको, घरात असलेल्या माणसाचा हवा. हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला ऑटोत घालून तालुक्याला नेऊ नका. तलाठ्याला घरी येऊन पंचनामा करायची लेखी विनंती करा आणि पोच घ्या.

शेत मुलांच्या नावावर करून टाकावं का?

घाई करू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर चुकलं की बाकीची सगळी उत्तरं वाया जातात.

पूर्वी बाप पन्नास-पंचावन्नला जायचा. जमीन आपोआप पोरांकडे यायची. आता बाप ऐंशीपर्यंत असतो आणि पोरगं पन्नाशीचं होतं, तरी सातबारावर नाव नाही, पीककर्ज नाही. पोराची चिडचिड खरी आहे. आणि नाव लावून दिल्यावर बापाच्या चहात साखर कमी होते, हेही गावानं पाहिलेलं आहे.

मला सुचतं ते असं. मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, मुद्रांक लागत नाही, आणि मन बदललं तर दुसरं करता येतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बक्षीसपत्र केलं की मात्र जमीन त्याच दिवशी गेली. करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की घेणाऱ्यानं आमचं जेवणखाण, औषधपाणी, राहणं पाहायचं. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की वकिलांचं पोट भरतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अट होती हे दाखवणं गरजेचं मानलं, २०२५ च्या एका निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे लावला. तुमचं भांडण दिल्लीपर्यंत जायला नको असेल तर एक ओळ जास्त लिहा.

मधला रस्ताही आहे. सगळं देऊ नका. पोराला त्याचा हिस्सा वाटून द्या, त्याला कर्ज मिळेल, आणि विहिरीजवळचा एक तुकडा शेवटपर्यंत आपल्या नावावर ठेवा.

आता बायांचं. नवरा गेला की वारसनोंदीत बायकोचं नाव लागतं, पण "आईला काय करायचं जमिनीचं" म्हणत तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. लिहून देऊ नका, माय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम विदर्भात गावोगाव नेला होता. सरकारनं १९९२ मध्ये त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागतं. नवरा हयात असतानाच हे करून घ्या.

एक गोष्ट तर शिकलेल्यांनाही माहीत नसते. हिंदू वारसा कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, त्याच्या बायको-मुलांच्या बरोबरीची. बाप दुसऱ्या वर्गात येतो. ज्या घरांत कर्ता पोरगा फास घेऊन गेला आणि मागे सासू-सून दोघीच उरल्या, अशी घरं या जिल्ह्यात कमी नाहीत. तिथं सासू आणि सून या दोघींचीही नावं लागायला हवीत. एकीचं नाव लागलं की दुसरी बेघर होते.

पोरं विचारत नाहीत. तक्रार कुठं करायची?

उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांताकडे. त्यांच्यासमोर निर्वाह न्यायाधिकरण चालतं. साधा अर्ज चालतो. महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च ठरवून मिळतो. मुलगी, सज्ञान नातू-नात हेही जबाबदार असतात. फोनवर सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. बहुतेक आईबाप अर्ज लिहून घेतात आणि खिशात ठेवतात. कधी कधी तेवढ्यानंही घरातलं वारं बदलतं.

आम्ही पुण्यात, आईबाबा गावात. रोजचं कोण पाहणार?

आजवर सूनबाईनं पाहिलं. तिला कोणी विचारलं नाही आणि तिचा रोज कोणी मोजला नाही. आता सूनही शेतात किंवा शहरात आहे. म्हणून रोजचं पाहणं हे पगाराचं काम झालं पाहिजे, असं माझं मत आहे. गावातल्याच एखाद्या बाईला सकाळ-संध्याकाळ तासभराचे पैसे द्या: पाणी भरणं, गोळ्या देणं, आंघोळीला हात देणं. पैसे आईच्या हातून द्या, म्हणजे मालकी आईची राहते.

हेच गावानं मिळून करता येतं. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशामक सेवेचं काम सुरू झालं, नंतर गल्लीतले स्वयंसेवक, एक परिचारिका आणि डॉक्टर अशी घरोघरी जाणारी पथकं उभी राहिली. २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं आणि पंचायती त्यावर खर्च करू लागल्या. अंथरुणावरचा माणूस दवाखान्यात येत नाही, दवाखाना त्याच्याकडे जातो. आपल्याकडे हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना सेवाग्राम आठवून देतो. १९८० च्या दशकात तिथल्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला होता. सुगीला घरटी ठरलेली ज्वारी द्यायची, त्या बदल्यात उपचार. रोकड नसलेल्या लोकांनी ते केलं. आज घरोघरी सोयाबीनचे पैसे बँकेत येतात.

वृद्धाश्रमात ठेवलं तर?

ज्याला कोणी नाही त्याला आधार हवाच. पण खेड्यातला म्हातारा पार, देऊळ आणि आपलं वावर सोडून दुसऱ्या गावच्या खोलीत फार दिवस रमत नाही. आधी दिवसभराची सोय करा. अंगणवाडीच्या शेजारची पडीक समाजमंदिराची खोली, एक वेळचं गरम जेवण, संध्याकाळी घरी.

घरात काय बदलावं?

पडणं थांबवा. खुब्याचं हाड मोडलं की चालतंबोलतं माणूस महिन्याभरात खाटेला लागतं. आमच्या आईचं तसंच झालं. रात्री अडीच वाजता अंगणातल्या संडासाकडे जाताना उंबरठ्याला पाय अडला. घरकुलाच्या यादीत संडास आला, पण तो तीन पायऱ्यांवर, उकिडवं बसायचा, धरायला काही नाही, दिवा नाही. बांधणाऱ्यानं पंचविशीतल्या माणसाचं माप घेतलं होतं.

भिंतीत लोखंडी नळीचा दांडा बसवा. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची संडासावर ठेवली तरी चालतं. खाटेपासून दारापर्यंत रात्रभर जळणारा लहान दिवा, ओसरीच्या पायरीला पांढऱ्या रंगाचा पट्टा, आणि घासलेल्या तळाची चप्पल फेकून द्या.

उन्हाळ्यात म्हातारी माणसं का जातात?

वय झालं की तहान कमी लागते आणि घाम कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि वर टिनाचं छत. दर तासाला विचारायचं नाही, ग्लास हातात द्यायचा. अकरा ते चार वावर बंद. गोळ्यांचं प्रमाण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतः बंद करू नका. २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादेत फार माणसं गेली, म्हणून त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. गावाला आराखड्याची गरज नाही, एकट्या राहणाऱ्यांची यादी आणि दुपारी दार ठोठावणारं पोरगं पुरे. अंग तापलंय, घाम नाही आणि बरळतोय असं दिसलं तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

साठी बुद्धी नाठी, हे खरं का?

म्हण आहे, निदान नाही. किल्ली कुठं ठेवली ते विसरणं वेगळं आणि स्वतःच्या घराची वाट विसरणं वेगळं. दुसरं झालं तर डॉक्टरकडे न्या, "बुढा येडा झाला" म्हणून सोडू नका. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये मांडलं की जवळपास निम्मा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारख्या कारणांशी जोडलेला आहे. त्यात रक्तदाब, साखर, तंबाखू, एकटेपणा आणि ऐकू न येणं आहे. ऐकू येत नसलेल्या माणसाशी आपण बोलणं कमी करतो, आणि मग तो गप्प झाला म्हणतो.

म्हातारे वाढले तर तरुणांवर बोजा पडेल ना?

वीटभट्टीवर गेलेल्या जोडप्याची पोरं शाळेत कोणामुळे येत होती? मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे, आजीमुळे. दक्षिण आफ्रिकेत एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी तपासलं, तर निवृत्तिवेतन मिळणाऱ्या आजीच्या घरातल्या नातींचं पोषण सुधारलेलं दिसलं. आजोबांच्या पैशानं तसं दिसलं नाही. आजोबांनी रागावू नये, मीही आजोबाच आहे.

ग्रामपंचायत काय करू शकते?

पुष्कळ. पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो, आणि म्हाताऱ्यांतले कितीतरी त्यात बसतात, त्यांची प्रमाणपत्रंच काढलेली नसतात. ग्रामपंचायतीला रॅम्प करा. नळाची तोटी गुडघ्याच्या वर घ्या. बसथांब्यावर सावली आणि बसायला ओटा. पंच्याहत्तरीपुढं एसटी फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, पण बसची पहिली पायरी मांडीएवढी उंच. चालकानं बस ओट्याला लावली तर चढता येतं, आमच्या गावात तेवढं एक जमलंय.

दवाखान्याचा खर्च?

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू. आधार घेऊन जा. हे भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या, आणि संपायच्या आठवडाभर आधी जा.

आई म्हणते, मला काही नको. तिला दिवाळीला काय आणू?

साडी आणू नका, पेटीत सहा आहेत. तिचे डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि तांदळातले खडे तिला पुन्हा दिसतील. मग कान, मग दात. दात नसले की भाकर सुटते, भुईमूग सुटतो, वरण-भाताच्या पाण्यावर दिवस निघतो आणि हातापायांतली ताकद जाते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. चांगलं श्रवणयंत्र तेवढ्यात येत नाही, वरचे तुम्ही घाला. कवळी बसवायला तालुक्याला तीन-चार खेपा होतात. तेवढी रजा काढून या.